तिसऱ्या वेळेला हो म्हणणारे अप्पा

गंगाधरअप्पा समोरासमोर बोलतानाही आधी "हॅलो" म्हणत आणि बोलणं संपलं की "तोडू का?" असं विचारत. आपण "तोडा" म्हटलं की मगच वळून चालायला लागत. कोणी उत्तर द्यायचं विसरलं तर तिथंच उभे. एकदा आमच्या कारखान्याचे एम.डी. फायलीत डोकं घालून बसले आणि विसरले, तर अप्पा त्यांच्या केबिनच्या दारात पाऊण तास उभे होते. साहेबांनी मान वर करून "अजून काय?" म्हणून विचारलं तेव्हा अप्पा म्हणाले, "काय न्हाई साहेब. लाइन चालू हाय म्हणून थांबलो."

ही सवय टेलिफोनची. आमच्या साखर कारखान्याचा टेलिफोन बोर्ड अप्पांनी बावीस वर्षं चालवला. पुढ्यात लाकडी बोर्ड, त्यात भोकं, हातात दोऱ्या. या भोकातली दोरी त्या भोकात घातली की गेटवरचा पहारेकरी शेती खात्याशी बोलायला लागे. शून्य ते त्र्याऐंशी असे नंबर होते आणि कारखान्यात कोणालाही स्वतःचा सोडून दुसरा नंबर पाठ नव्हता, कारण अप्पांना सगळे पाठ होते. नंबर सांगून फोन मागितला तर त्यांना राग यायचा. "नंबर कावून सांगता? माणूस सांगा की. नंबर माझ्याकडं हाय."

अप्पा मूळचे बीडजवळच्या चौसाळ्याचे. हायवेला लागून त्यांच्या थोरल्या भावाचं किराणा दुकान. वडिलांनी दोघांनाही दुकानातच बसवलं होतं, पण धाकट्याची बोलण्याची खोड अशी की मीठ न्यायला आलेला माणूस संध्याकाळचं जेवून जायचा. शेवटी वडिलांनीच कोणाला तरी सांगून त्यांना कारखान्यात चिकटवलं, म्हणजे बोलण्याचाच पगार मिळेल. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, खिशाला दोन पेनं आणि छातीत दमा. दम्यामुळं त्यांचं वाक्य मध्येच थांबायचं, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की आता काहीतरी मोठं येणार. बहुतेक वेळा काही येत नसे.

मग ती वर्षं आली. गावोगाव पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले, पुण्याच्या कंपन्यांची माणसं सुटकेस घेऊन आमच्याकडं फिरायला लागली आणि आमच्या एम.डीं.च्या तोंडी आधुनिकीकरण हा शब्द सकाळी आठपासून असायचा. एका उन्हाळ्यात बोर्ड गेला आणि भिंतीवर एक पांढरी पेटी आली. ती आपोआप फोन जोडायची. त्याच महिन्यात माझा टाइपरायटरही गेला. टाइपरायटर गेला म्हणून मी आणि बोर्ड गेला म्हणून अप्पा, अशा दोन बेवारशांना एम.डीं.नी कॉम्प्युटर रूममध्ये टाकलं.

कॉम्प्युटर रूम म्हणजे कारखान्यातली एकुलती एक थंड खोली. बाहेर चपला काढायच्या, आत हळू बोलायचं, आणि मधोमध काचेच्या कपाटात सर्व्हर. त्याला जोडलेले वीसेक कॉम्प्युटर उसाच्या वजनकाट्यापासून स्टोअरपर्यंत पसरलेले. कोणी कोणत्या कॉम्प्युटरवर बसायचं आणि काय बघायचं हे सर्व्हरच्या डिरेक्टरीत लिहिलेलं असे. तिथं ज्याचं खातं असेल, त्यालाच मशीन आत घ्यायचं. ही खाती उघडायला आणि बंद करायला एक वेगळं हत्यार होतं. दोन फ्लॉप्यांवर यायचं. सर्व्हरमध्ये जागा इतकी कमी की हत्यार कायमचं ठेवता येत नसे. कोणाचं खातं टाकायचं असलं की ते बसवायचं, आणि काम झालं की काढून टाकायचं.

त्याचं नाव इंग्रजी आणि हातभर लांब. अप्पांनी पहिल्याच दिवशी त्याला मुकादम म्हणायला सुरुवात केली. आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या गोळा करतो, कोण कुठं जाणार ते ठरवतो, तो मुकादम. "हेबी तेच करतंय की. कोण आलं, कोण गेलं, कोण कुठं बसलं." आठवडाभरात एम.डी.सुद्धा "मुकादम बसवला का?" असं विचारायला लागले. हे हत्यार देणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा इंजिनियर वैद्य मात्र दर वेळी दचके.

वैद्य महिन्यातून एकदा यायचा. विशीतला, हुशार, चांगला मुलगा, पण बसल्या जागी पाय हलवायचा आणि आपलं वाक्य संपायच्या आत "ओके ओके" म्हणायचा. खाती कशी मांडायची हे त्यानं ठरवलं होतं, पण अप्पा अडून बसले. बोर्डावर ज्याचा जो नंबर तोच त्याच्या खात्याला. "माणसानं एकच नंबर पाठ केलाय जन्मात. त्योबी बदलता?" वैद्य "ओके ओके" म्हणाला, आणि अप्पांनी पंधरा दिवस खपून शून्य ते त्र्याऐंशी अशी चौऱ्याऐंशी खाती एका बोटानं टाकली.

एम.डीं.च्या केबिनमध्ये एक नवा, रंगीत, माउसवाला कॉम्प्युटर आला होता. आम्हाला वाटलं अप्पांना त्याचं अप्रूप वाटेल. त्यांनी पाच मिनिटं माउस फिरवला आणि सोडून दिला. "निस्तं मुक्यावानी बोट दाखवायचं. हे दे, ते दे. आपल्या काळ्या पडद्यावर कसं, नाव घेऊन सांगायचं. त्यो ऐकतो, मग करतो." काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणं त्यांना मनापासून आवडायचं. आज्ञा लिहून झाली की ते खुर्चीतून अर्धवट उठत, एंटर दाबत आणि हात मागं बांधून उभे राहत. लाइन जोडल्यावर पलीकडचा उचलेपर्यंत थांबावं, तसं. बसवायला ही आज्ञा. काढायला तीच आज्ञा आणि पुढं तिरकी रेघ देऊन एक शब्द. ती तिरकी रेघ मारताना त्यांची मानसुद्धा तिरकी व्हायची.

इथवर सगळं छान होतं. घोटाळा मशीनच्या प्रश्नात होता.

मुकादम काढायची आज्ञा दिली की पडद्यावर इंग्रजीत विचारणा यायची. खात्री आहे ना? वाय की एन? वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही. अप्पा एन दाबायचे. मशीन पुन्हा कोऱ्या ओळीवर. अप्पा सगळी आज्ञा पुन्हा लिहायचे, तिरक्या रेघेसकट. पुन्हा विचारणा. पुन्हा एन. तिसऱ्यांदा सगळं लिहायचे, आणि तेव्हा कुठं समाधानानं वाय.

पहिल्यांदा मला वाटलं बोट चुकलं. दुसऱ्यांदा वाटलं इंग्रजी कळलं नाही. तिसऱ्यांदा मी विचारलंच.

"अप्पा, काढायचाय ना? मग नाही का म्हणता?"

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जणू भर पंगतीत पाण्याचा तांब्या लाथाडला. "ताई, पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं? चांगल्या घरच्या माणसानं?"

आता यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडं पाहुण्याला चहा विचारला की तो नको म्हणतो. पुन्हा विचारला की आत्ताच झाला म्हणतो. तिसऱ्यांदा विचारला की "बरं, अर्धा" म्हणतो आणि बशीसकट दोन कप पितो. यजमानानं तीनदा विचारायचं, पाहुण्यानं दोनदा नाकारायचं, हे दोघांनाही लहानपणापासून ठाऊक असतं. एकदा नको म्हटल्यावर जो उठून जातो, त्याच्या घरी पुन्हा कोणी जात नाही. अप्पांची तक्रार मशीनबद्दल होती. "एकदा न्हाई म्हणलं की चाललंच उठून. दुसऱ्यांदा इचारत न्हाई का तिसऱ्यांदा. कुण्या घरचं हाय हे?" मशीनला रीत नाही म्हणून आपण आपली का सोडावी, हा त्यांचा मुद्दा. तीनदा विचारायचं काम मशीन करत नव्हतं, म्हणून ते स्वतःच आज्ञा तीनदा लिहून मशीनकडून करवून घ्यायचे.

मला हे इतकं आवडलं की मी कोणाला सांगितलं नाही. पण एके दिवशी वैद्यानं मागं उभं राहून सगळं पाहिलं. पहिला एन, दुसरा एन, तिसरा वाय. पाय हलवायचा थांबला. मग थेट एम.डीं.च्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, सर, तुमचा माणूस कॉम्प्युटरला उगाचच नाही म्हणतो.

एम.डीं.ना हसू आलं नाही. मुकादमाची नवी आवृत्ती येणार होती आणि कंपनी म्हणत होती, आमचाच माणूस ठेवा. त्यांनी ठरवलं की हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी संचालकांसमोर परीक्षा घ्यायची. अप्पांनी एकट्यानं मुकादम बसवायचा, एक खातं टाकायचं आणि मुकादम काढायचा. पहिल्या फटक्यात. जमलं तर कॉम्प्युटर रूम अप्पांची. नाही जमलं तर कंपनीचा माणूस येणार आणि अप्पा उसाच्या यार्डात, गाड्यांच्या गेटवर.

यार्ड म्हणजे दिवसभर उभं राहणं आणि धूळ. ट्रकांची धूळ, बैलगाड्यांची धूळ, वरून उसाच्या भुशाचे कण. धडधाकट माणूस तिथं महिनाभरात खोकायला लागतो. अप्पांच्या निवृत्तीला चार वर्षं होती आणि त्यांच्या छातीला चार दिवससुद्धा निभावले नसते. हे त्यांना ठाऊक होतं, कारण त्या संध्याकाळी ते "तोडू का?" न विचारताच घरी गेले.

मी मनाशी म्हटलं, या माणसाला पहिल्याच वेळेला हो म्हणायला मी शिकवणार. माझ्या आयुष्यात मी इतका वाईट विचार दुसरा केलेला नाही.

सराव चहापासून सुरू केला. कँटीनचे शेखभाई किटली घेऊन आले आणि नेहमीसारखं म्हणाले, "अप्पा, चाय?" अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळे वटारले. अप्पांनी डोळे घट्ट मिटले आणि म्हणाले, "हो."

शेखभाईंनी किटली खाली ठेवली. "तबियत ठीक हाय ना अप्पा? घरी सगळे बरे?"

दुसऱ्या दिवशी आमच्या लिंबागणेश गावच्या स्टोअरकीपरनं गणपतीच्या प्रसादाचे पेढे आणले. त्यानं विचारायच्या आतच अप्पांनी हात पुढं केला. स्टोअरकीपर इतका गोंधळला की त्यानं अख्खा पुडा हातावर ठेवला आणि निघून गेला. पुडा उघडा ठेवून अप्पा तासभर अपराध्यासारखे बसले. शेवटी मला म्हणाले, "ताई, तुमी तरी तीनदा न्हाई म्हणून खा."

मग हिशेबनीसांच्या घरी बारसं आलं. पंगतीत वाढणाऱ्या वहिनींनी पुरणाची पोळी पुढं केली आणि अप्पा चटकन "हो" म्हणाले. दुसरी, "हो." तिसरी, "हो." पंगत थांबली. बायका आतून डोकावायला लागल्या. दोन दिवसांत साऱ्या कॉलनीत बोभाटा झाला की अप्पांच्या घरी चूल पेटत नाही. अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, बोलायला कमी आणि करायला जास्त. त्यांनी काही भांडण केलं नाही. जेवताना अप्पा सवयीनं नको म्हणाले की त्यांनी दुसऱ्यांदा विचारणंच बंद केलं. तीन दिवस अप्पा अर्धपोटी कामावर आले. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "घरीबी मशीन बसलंय ताई." इतकं बोलून आम्ही दोघंही हसत सुटलो. ते हसता हसता खोकले, मी हसता हसता रडले, आणि काचेच्या बाहेरून शेखभाईंना वाटलं सर्व्हर जळाला.

पण शिकले. आठवडाभरानं अप्पा पहिल्या विचारण्याला वाय दाबायला लागले. दाबल्यावर दर वेळी पुटपुटत, "माफ कर बाबा."

परीक्षेच्या दिवशी चेअरमनसाहेबांसह सात संचालक कॉम्प्युटर रूममध्ये आले. दाराबाहेर सात जोड पायताणं. इतक्या गारव्याची सवय नसल्यानं एक संचालक खुर्चीत बसताक्षणी झोपले. एम.डी. घड्याळ काढून उभे. वैद्य नव्या आवृत्तीच्या फ्लॉप्या घेऊन उभा. मला भिंतीशी उभं करून सांगितलं होतं की तोंड उघडायचं नाही.

अप्पांनी गळ्यातल्या डबीला हात लावला आणि सुरुवात केली. पहिली फ्लॉपी, आज्ञा, एंटर, हात मागं. दुसरी फ्लॉपी. मुकादम बसला. चाचणीचं एक खातं टाकलं, तेही लागलं. चेअरमन कौतुकानं बघत होते. मग अप्पांनी काढायची आज्ञा लिहिली. मान तिरकी, रेघ तिरकी, एंटर. विचारणा आली, खात्री आहे ना?

अप्पांनी वाय दाबलं. पहिल्याच वेळेला. मी भिंतीशी जवळजवळ उडी मारली.

आणि नव्या आवृत्तीनं दुसरा प्रश्न विचारला. जुन्या मुकादमानं असा प्रश्न कधीच विचारला नव्हता. अप्पांनी बोट ठेवून एकेक शब्द लावला आणि मोठ्यानं मराठीत सांगितलं, "इचारतंय, याच्यासंगं डिरेक्टरीतली सगळी खातीबी काढायची का."

ते थांबले. माझ्याकडं बघायची सोय नव्हती. त्यांनी चेअरमनकडं बघितलं.

"मुकादम चाललाय म्हणल्यावर," अप्पा म्हणाले, "टोळी मागं कशी राहील साहेब?"

"बरोबर हाय," चेअरमन म्हणाले. "मुकादम गेला की टोळी जाणारच."

बाकीच्या पाचही जाग्या संचालकांनी माना डोलावल्या. आमच्या जिल्ह्यात जन्म काढलेल्या कोणालाही दुसरं उत्तर सुचलं नसतं. खरं सांगते, मलाही पटलं. खोलीत एकच माणूस पुण्याचा होता आणि तो "नाही, नाही!" असं ओरडला तेव्हा वाय दाबून झालं होतं.

पडद्यावर ओळी सरकत गेल्या. मग काळं. मग काट्यावरून फोन आला. मी उचलला. काट्यावरचा लिपिक म्हणत होता, "ताई, हे मला वळखतच न्हाई म्हणतंय." पाठोपाठ स्टोअर, पाठोपाठ शेती खातं. कारखान्यातल्या एकाही माणसाला मशीन ओळखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उसाची पहिली मोळी पडायची होती, हंगाम सुरू व्हायचा होता, आणि पहिल्या गाडीची वजनाची पावती छापायला कोणाचं खातं शिल्लक नव्हतं.

खात्यांची राखीव प्रत पुण्यात होती. ती आणायला दोन दिवस. वैद्य डोकं धरून खाली बसला. एम.डी. अप्पांकडं बघत होते आणि अप्पा खिडकीतून यार्डाकडं. मला वाटलं जमीन दुभंगावी. पहिल्या विचारण्याला हो म्हणायला मीच शिकवलं होतं. जुनी खोड असती तर त्या दुसऱ्या प्रश्नालाही अप्पांनी आधी एन दाबलं असतं आणि एक माणूसही हलला नसता. मी पुढं होऊन तसं म्हणालेसुद्धा, "साहेब, चूक माझी आहे." कोणी ऐकलं नाही.

अप्पांनी खुर्ची पुढं ओढली. "वैद्यसाहेब, मुकादम परत बसवतो. टोळी म्या उभी करतो."

"लिस्ट आहे?" वैद्यानं विचारलं.

अप्पांनी डोळे मिटले. उजवा हात वर केला, समोर हवेत नसलेली दोरी पकडली आणि नसलेल्या भोकात घातली. "एक नंबर, चेअरमनसाहेब." डोळे उघडून एका बोटानं टाइप केलं. पुन्हा डोळे मिटले. "दोन, एम.डी. साहेब. तीन, शेती अधिकारी. चार, गेट..."

अकरा वाजता सुरू झालं. विसाव्या नंबरापर्यंत खोलीत चिडीचूप. एकविसाव्याला एक संचालक कुजबुजले, "आता केमिस्ट." अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "केमिस्ट सव्वीस. मधी बोलू नका, क्रॉस कनेक्शन होतंय." मग मात्र संचालकांना चेव आला. पुढचा नंबर कोणाचा यावर आपसात पैजा लागल्या. जेवायची वेळ झाली, कोणी उठेना. शेखभाई दारात किटली घेऊन उभे राहून चपला न काढता ऐकत होते. झोपलेले संचालक चाळिशीच्या आसपास जागे झाले आणि म्हणाले, "लगीन कुणाचं हाय?"

अप्पांना नुसता नंबर आठवत नव्हता, माणूस आठवत होता. "सत्तेचाळीस सुट्टीवर हाय, बायको बाळंत झालीय, पर खातं पायजे." "बावन्न लई हळू बोलतो." "एकोणसाठ रोज पाच वाजता घरी फोन करायचा, भाजी काय आणू म्हणून." एकसष्टला त्यांना धाप लागली. वैद्यानं पळत जाऊन पाणी आणलं आणि ग्लास धरून शेजारीच जमिनीवर बसून राहिला. त्याचा पाय हलत नव्हता.

साडेचारला अप्पांनी त्र्याऐंशी नंबर टाकला, शेवटची दोरी काढली आणि हात मांडीवर ठेवले. काट्यावरून फोन आला, "घेतलं हो, आत घेतलं!" सगळे एकदम बोलायला लागले.

मी मोजत होते. दर महिन्याच्या अहवालात मी आकडा लिहायचे, चौऱ्याऐंशी. पडद्यावर त्र्याऐंशी होते. मी हळूच म्हटलं, "अप्पा, एक कमी आहे."

अप्पांचं तोंड उतरलं. त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं. "न्हाई ताई. एक ते त्र्याऐंशी, सगळे आले. कुणीच न्हाई राहिलं."

"शून्य?"

"शून्य म्हंजे तर बोर्डच की. तिथं कोण असतंय?"

"तुम्ही असता अप्पा."

 माणसाला सगळा कारखाना आठवला आणि स्वतःचं नाव आठवलं नाही.

चेअरमन खाकरले. "टाका की मग तुमचंबी."

"नको साहेब," अप्पा म्हणाले. "माझं काय अडतंय?"

"ओके ओके," वैद्य म्हणाला. "मग त्र्याऐंशीवर बंद करू."

सात संचालकांनी एकदम त्याच्याकडं बघितलं. "गप ऱ्हावा वैद्यसाहेब," चेअरमन म्हणाले. "अजून एकदाच इचारलंय." मग अप्पांकडं वळून, "टाका अप्पा, आमच्या शब्दाखातर."

"नको साहेब, खरंच नको."

"अप्पा," चेअरमन तिसऱ्यांदा म्हणाले, आणि त्यांच्यामागून सगळेच म्हणाले, शेखभाईसुद्धा.

"आता एवढं म्हणताय तर," असं म्हणून अप्पांनी शून्य दाबला आणि पुढं स्वतःचं नाव लिहिलं.

एम.डीं.नी घड्याळ दाखवून परीक्षेची आठवण केली. चेअरमन चपला शोधत म्हणाले, "मुकादम बसिवला, खातं टाकलं, मुकादम काढला. वरून टोळी परत आणली. आन् काय पायजे तुमाला?" अप्पा यार्डात गेले नाहीत. वैद्य त्यानंतर आला की चहाला "नको नको" म्हणायचा आणि मग आशेनं शेखभाईंच्या तोंडाकडं बघत बसायचा.

चार वर्षांनी अप्पा निवृत्त झाले. निरोप समारंभ, नारळ, शाल झाल्यावर ते कॉम्प्युटर रूममध्ये आले, चपला काढल्या आणि मला म्हणाले, "माझं खातं म्याच काढतो. दुसऱ्यानं काढल्यालं बरं न्हाई." मुकादम बसवला. आपलं नाव दिलं. खात्री आहे ना? एन. पुन्हा सगळं लिहिलं. एन. तिसऱ्यांदा लिहिलं, जरा थांबले आणि वाय दाबलं. मग तिरक्या रेघेनं मुकादमही काढला, आणि खातीबी काढायची का याला मात्र ठणकावून एन. "आता कसं रीतीनं झालं," म्हणाले. "तोडू का ताई?" मी तोंड फिरवून "तोडा" म्हणाले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते दोनेक वर्षांनी. मी एसटीनं बीडला चालले होते. गाडी चौसाळ्याला थांबली आणि खिडकीखालून आवाज आला, "हॅलो! ताई!" भावाच्या दुकानासमोर अप्पा उभे होते. बारीक झाले होते, भस्माचे पट्टे तेवढे तसेच. मला बोलू न देता म्हणाले, "चहा घेता?"

मी नको म्हणाले. गाडी सुटेल म्हणून नव्हे. तोंडातून आलंच.

"घ्या की, अर्धा."

"नको अप्पा, खरंच नको."

ते खूश होऊन वळले आणि शेजारच्या हॉटेलातून भरलेला ग्लास घेऊनच आले, कारण पुढचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. रस्ता ओलांडतायत तोच कंडक्टरनं बेल मारली. गाडी हलली. अप्पा ग्लास सांभाळत खिडकीबरोबर चालायला लागले, मग पळायला लागले. "थांबिव की बे!" ते ड्रायव्हरला ओरडले. "अजून तिसऱ्यांदा इचारायचं हाय!"

"हो अप्पा, हो!" मी ओरडले आणि खिडकीतून हात बाहेर काढला. त्यांचा ग्लास आणि माझा हात यांत वीतभर अंतर राहिलं, मग हातभर, मग ते रस्त्यात थांबले. एक हात छातीवर, दुसऱ्या हातात ग्लास उंच धरलेला, आणि हसत होते. दम लागेपर्यंत हसत होते.

पुढच्या उन्हाळ्यात लिंबागणेशच्या स्टोअरकीपरनं फोनवर सांगितलं, अप्पा गेले. रिसीव्हर हातात धरून मी बराच वेळ त्या रस्त्यावरच्या माणसाचा विचार करत बसले. बोलणं संपवताना विचारायचं ते त्या दिवशी त्यांना धापेमुळं विचारता आलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, आणि मीही अजून "तोडा" म्हटलेलं नाही.